भाजलेल्या वांग्याचं फत्तूश: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळ्या पायऱ्या

फत्तूश हे लेबनॉनचं रोजच्या जेवणातलं सॅलड. भाज्या मोठ्या चिरलेल्या, हिरवा पाला भरपूर, वर कुरकुरीत पावाचे तुकडे आणि सगळ्याला सुमाकचा, म्हणजे वाळवून भरडलेल्या आंबट फळांचा, तांबडा आंबटपणा. कृती वाचली की सोपं वाटतं. प्रत्यक्षात पाव मऊ पडतो, ताटलीच्या तळाशी पाणी साचतं, आणि ‘हॉटेलात खाल्लं होतं तसं काही झालं नाही’ अशी हळहळ वाटते. मी दुबईत राहते. शेजारी लेबनॉनमधल्या त्रिपोली शहरच्या एक बाई आहेत, त्यांच्या ओट्याशी उभं राहून मी हे शिकले. जे कृतीच्या चार ओळींत मावत नाही, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आणि त्यात एक बदलही सुचवते आहे: सॅलडच्या खाली विस्तवावर भाजलेल्या वांग्याचा थर. ही कल्पना लेबनॉनच्याच स्वयंपाकघरातली आहे. तिथे ‘राहेब’ नावाचं एक वेगळं सॅलड असतं. राहेब म्हणजे मठातले साधू. भाजलेलं वांगं, टोमॅटो, कांदा, सिमला मिरची, पार्सली, लिंबू आणि ऑलिव्ह तेल, एवढंच त्यात असतं. त्यातलं वांगं उचलून फत्तूशच्या खाली घालायचं, बाकी फत्तूश जसंच्या तसं ठेवायचं.

माझं ठाम मत आहे की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. फत्तूशमध्ये फेटा चीज, ऑलिव्ह, मक्याचे दाणे, काबुली चणे असं सगळं घातलेलं मी पाहिलं आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट चवीला चांगलीच असते, पण सगळं एकत्र आलं की सुमाक कुठे जातो ते कळत नाही. पावाचा कुरकुरीतपणा, सुमाकचा आंबटपणा आणि पाल्याचा ताजेपणा या तिन्हींना धक्का लागू द्यायचा नाही. मग चौथी गोष्ट हवी ती आणा.

## काय काय लागेल (चार जणांसाठी)

वांग्यासाठी: एक मोठं भरताचं वांगं (400 ते 450 ग्रॅम), एक टीस्पून लिंबाचा रस, एक टीस्पून ऑलिव्ह तेल, मीठ.

पावासाठी: लेबनीज पातळ पाव दोन, ऑलिव्ह तेल दोन टेबलस्पून, चिमूटभर सुमाक.

भाज्या: रोमेन लेट्यूसचा एक गड्डा, छोट्या काकड्या तीन, घट्ट पिकलेले टोमॅटो तीन, लाल मुळे पाच-सहा, पातीचे कांदे तीन, हिरवी सिमला मिरची अर्धी, पार्सलीची एक जुडी, पुदिन्याची अर्धी जुडी, घोळाची कोवळी पानं मूठ-दोन मुठी.

ड्रेसिंगसाठी: चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल 60 मिलिलिटर, लिंबाचा रस 40 मिलिलिटर, डाळिंबाचा आटवलेला रस एक टेबलस्पून, सुमाक एक टेबलस्पून आणि वरून भुरभुरायला थोडा, लसणाची एक छोटी पाकळी, सुका पुदिना अर्धा टीस्पून, मीठ.

साधनं: गॅसची शेगडी किंवा ओव्हन, चिमटा, चाळणी, खलबत्ता, मोठं पसरट भांडं, स्वच्छ सुती पंचा आणि वाढायला उथळ थाळा. खोलगट वाडगा नको. त्यात खालचा थर दबतो आणि वांगं वरच्या पाल्यात मिसळून जातं.

## 1. आधी बाजार: सुमाक आणि डाळिंबाचा रस

सुमाकला पर्याय नाही, म्हणून सुरुवात इथून. भूमध्य समुद्राच्या आसपास उगवणाऱ्या एका झुडपाची ही वाळवून भरडलेली फळं. चव आंबट आणि किंचित तुरट. चांगल्या सुमाकचा रंग विटकरीकडे झुकणारा गडद लाल असतो आणि चिमटीत धरला तर तो किंचित ओलसर लागतो. फिका, कोरडा, भुश्यासारखा असेल तर जुना समजा. पाकिटावर घटक वाचा: सुमाक आणि मीठ एवढंच असावं. बऱ्याच ठिकाणी त्यात मीठ घातलेलं असतं, म्हणून ड्रेसिंगमध्ये मीठ घालण्याआधी सुमाक चाखून बघा. सायट्रिक ॲसिड किंवा रंग लिहिलेला दिसला तर पाकीट परत ठेवा.

भारतात सुमाक ऑनलाइन आणि मोठ्या शहरांतल्या परदेशी वाणसामानाच्या दुकानांत मिळतो. थोडाच घ्या आणि हवाबंद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. आमचूर घालून सॅलड आंबट होईल, खायलाही बरं लागेल, पण सुमाकची ती तुरट, फळासारखी चव त्यात येणार नाही.

डाळिंबाचा आटवलेला रस, लेबनॉनमध्ये त्याला ‘दिब्स रुम्मान’ म्हणतात, हा फत्तूशमध्ये घालावा की नाही यावर तिथे घरोघरी वेगळं मत आहे. आमच्या शेजारीण बाई साध्या फत्तूशमध्ये तो घालू देत नाहीत. पण वांगं असेल तेव्हा घालायचाच, असं त्यांचंही म्हणणं आहे, कारण धुराच्या चवीला थोडा गोडसर आंबटपणा लागतो. बाटली घेताना फसगत होते ती इथे: डाळिंबाचं लाल सरबत आणि हा रस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सरबत गोड असतं. हा रस काळपट, दाट आणि आधी आंबट, मग गोड लागतो. घटकांत पहिलं नाव डाळिंबाच्या रसाचं हवं, ग्लुकोजचं नको.

महाराष्ट्रात असाल तर तो घरी करणं अवघड नाही. चार कप ताजा डाळिंबाचा रस पसरट भांड्यात मंद आचेवर आटवत ठेवा, साधारण पाऊण ते एक कप उरेपर्यंत. लेबनॉनमध्ये यासाठी आंबट डाळिंबं घेतात. आपलं भगवा जातीचं डाळिंब गोड असतं, त्यामुळे साखर अजिबात घालू नका आणि एका लिंबाचा रस घाला. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, तेव्हा चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरायला लागला की गॅस बंद करा.

## 2. वांगं भाजा आणि निथळत ठेवा

सगळ्यात आधी हे, कारण वांग्याला निथळायला वेळ द्यावा लागतो. वांगं घेताना आकाराच्या मानाने हलकं घ्या. जड वांग्यात बिया जास्त निघतात. लेबनॉनमध्ये गडद जांभळं मोठं वांगं वापरतात. जळगावकडचं फिक्या हिरव्या रंगाचं भरताचं वांगं मिळालं तर तेही उत्तम.

दोन-तीन ठिकाणी टोचे मारा आणि थेट आचेवर ठेवा. आच मध्यम. दर चार-पाच मिनिटांनी चिमट्याने फिरवत पंधरा ते वीस मिनिटं भाजा. साल पूर्ण काळी पडली पाहिजे, आणि देठाजवळचा भाग दाबल्यावर मऊ लागला पाहिजे. देठाजवळच कच्चं राहतं, तिथे शेवटची दोन-तीन मिनिटं वांगं उभं धरून भाजा. इलेक्ट्रिक शेगडी असेल तर ओव्हन 230 अंशांवर तापवा, वांगं टोचून पस्तीस ते चाळीस मिनिटं ठेवा आणि शेवटी ग्रिलच्या दांडीजवळ नेऊन साल करपवा. धुराचा वास गॅसइतका येत नाही, पण काम होतं.

गार होऊ द्या, साल सोला. साल निघत नाही म्हणून नळाखाली धरू नका, धुराची सगळी चव पाण्याबरोबर जाते. बोटं ओली करून सोलली तर चिकटलेले काळे कण सहज निघतात. एखाद-दुसरा कण राहिला तर राहू द्या.

आता सोललेलं वांगं चाळणीत ठेवा आणि अर्धा तास हात लावू नका. खाली तपकिरी, किंचित कडू पाणी जमतं. भरीत करताना आपण हे पाणी फारसं मनावर घेत नाही, पण इथे ते राहिलं तर सॅलड बुडालंच म्हणून समजा. निथळल्यावर वांगं घोटायचं नाही. हाताने लांब लांब धागे सोडवायचे, लगेच लिंबाचा रस, मीठ आणि तेल लावायचं. लिंबामुळे रंग काळवंडत नाही.

ताहिनी, म्हणजे तिळाची पेस्ट, घालायचा मोह होईल. ती घातली की मुतब्बल होतं. तो फार चांगला पदार्थ आहे, पण त्याच्यावर रसाळ भाज्या आणि पाव टाकले की सगळं जड आणि गिळगिळीत होतं.

## 3. पाव: इथेच बहुतेकांचं बिनसतं

लेबनॉनचा रोजचा पाव पातळ, मोठा आणि आतून पोकळ असतो. तो दोन पापुद्र्यांत सुटतो, आणि फत्तूशला तोच पापुद्रा हवा. भारतात पिटा म्हणून जाडजूड, पोकळी नसलेली भाकरीसारखी वस्तू विकली जाते, ती चालत नाही. बाहेरून भाजली तरी आत ओलसर राहते आणि ड्रेसिंग लागताच लिबलिबीत होते. नानचंही तेच.

पातळ पाव मिळत नसेल तर घरचा कालचा फुलका घ्या. टम्म फुगलेला फुलका दोन पापुद्र्यांत अलगद सुटतो. तूप न लावलेला हवा, आणि घडीची पोळी नको. गव्हाची चव थोडी पुढे येते, पण कुरकुरीतपणा अगदी बरोबर साधतो. नाहीतरी फत्तूश जन्मलं ते उरलेल्या पावातूनच. त्या सगळ्या प्रदेशात पाव टाकणं फार वाईट समजतात. जमिनीवर पडलेला तुकडा उचलून ओठांना, मग कपाळाला लावतात. शेजारीण बाई आजही असंच करतात. शिळ्या पावाचे तुकडे खाली घालून वर दही आणि चणे घालतात तो ‘फत्ते’ हाही याच घरातला पदार्थ.

पापुद्रे वेगळे करा, हाताने दीड-दोन इंचांचे तुकडे करा. कात्रीने चौकोन कापण्यापेक्षा फाडलेल्या वेड्यावाकड्या कडा जास्त कुरकुरीत होतात. तेल हाताने चोळा, प्रत्येक तुकड्याला लागलं पाहिजे. हे तेल चवीपुरतं नाही: तेल लागलेल्या तुकड्यात रस उशिरा शिरतो. ओव्हनमध्ये 180 अंशांवर आठ ते दहा मिनिटं, मध्ये एकदा हलवून. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर, सारखं परतत. लेबनॉनमध्ये बऱ्याच घरांत पाव तळतात, आणि खरं सांगायचं तर तळलेला जास्त वेळ टिकतो. पाहुणे असतील तेव्हा तळा, रोजच्यासाठी भाजा.

रंग सोनेरी-तपकिरी हवा. फिका तुकडा काढलात तर तो गार होताच वातड होतो. बाहेर काढल्यावर जाळीवर पसरा, वर सुमाक भुरभुरवा आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकू नका. गरम असताना डब्यात भरला की आतल्या वाफेनेच तो मऊ पडतो, मग दोष ड्रेसिंगला दिला जातो.

## 4. भाज्या: कोरड्या करा, मोठ्या चिरा

कच्चं खायचं आहे, म्हणून पाला दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि शेवटचं पाणी पिण्याचं घ्या. मग तो कोरडा करा. पंच्यावर पसरा, सैल गुंडाळा, फ्रिजमध्ये ठेवून द्या. ओल्या पानावर तेल धरत नाही, ड्रेसिंग घसरून तळाशी जातं. माझ्या मते या सॅलडची निम्मी मेहनत भाज्या कोरड्या करण्यात आहे.

लेट्यूस हाताने मोठं तोडा. काकडी अर्धगोल, बोटभर जाड. आपल्याकडची मोठी काकडी असेल तर कडू नाही ना ते चाखा आणि मधल्या बिया काढून टाका. टोमॅटोच्या मोठ्या फोडी करा, फार रसाळ असेल तर गर थोडा काढा. मुळ्याच्या पातळ चकत्या. लाल मुळा नसेल तर कोवळा पांढरा मुळाही चालतो. पातीचा कांदा तिरका चिरा. बारीक चिरायचा मोह आवरा. बारीक चिरायचं ते तब्बूले नावाच्या पार्सलीच्या सॅलडमध्ये, फत्तूशमधली प्रत्येक भाजी दाताखाली वेगळी लागली पाहिजे.

पार्सलीच्या जागी कोथिंबीर घालू नका. लेबनॉनच्या स्वयंपाकात कोथिंबीर असते, पण ती लसणाबरोबर गरम तेलात परतून, बटाट्यावर वगैरे. फत्तूशमध्ये कच्ची कोथिंबीर पुदिन्याला आणि सुमाकला दाबून टाकते. पार्सली मिळालीच नाही तर पुदिना वाढवा.

आता घोळ. अरबीत ‘बक्ले’ म्हणतात ती पालेभाजी म्हणजे आपली घोळाचीच भाजी. लेबनॉनच्या पारंपरिक फत्तूशमध्ये ती असतेच, आणि परदेशी कृतींत ‘मिळाली तर घाला’ असं लिहून सोडून देतात. आपल्याकडे ती मंडईत जुड्यांनी मिळते. आपण शिजवून, डाळ घालून खातो, तिथे कच्ची खातात. जाडसर, रसाळ, किंचित आंबट पानं. फक्त कोवळे शेंडे खुडून घ्या, जाड देठ भाजीला ठेवा. मातीत पसरून वाढते, म्हणून पाण्यात बुडवून चांगली खळबळून धुवा.

इथे एक सूचना गंभीरपणे घ्या. घोळ परसातून किंवा शेताच्या बांधावरून खुडत असाल तर देठ मोडून बघा. तशाच पसरट वाढणाऱ्या काही रानवनस्पतींतून पांढरा चीक निघतो, त्या विषारी असतात. घोळात चीक नसतो. पांढरा थेंब दिसला तर टाकून द्या. शिवाय घोळात ऑक्झलेटचं प्रमाण बरंच असतं, तेव्हा मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी.

## 5. ड्रेसिंग

लसूण मिठाबरोबर खलबत्त्यात अगदी मऊ वाटा. चिरलेल्या लसणाचा तुकडा दाताखाली आला की पुढचे चार घास त्याचेच लागतात. त्यात सुमाक आणि लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवा. सुमाक भिजला की रंग आणि आंबटपणा सोडतो. मग डाळिंबाचा आटवलेला रस, चुरलेला सुका पुदिना, शेवटी तेल बारीक धारेने घालत फेटा.

लेबनॉनमधली पिवळी लिंबं मोठी आणि सौम्य असतात. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट, म्हणून आधी 30 मिलिलिटर घ्या आणि लेट्यूसचं पान बुडवून चाखा. नुसतं चमच्याने चाखलं तर अंदाज चुकतो. पानाबरोबर ते ‘जरा जास्तच आंबट’ वाटलं पाहिजे, कारण पुढे टोमॅटो आणि पाव ते शोषून घेणार आहेत.

## 6. थाळा लावणं

सगळे बसायला आले की मगच हात लावा. लेबनॉनमध्ये रमजानात इफ्तारच्या जेवणात फत्तूश जवळजवळ असतंच, तिथेही भाज्या, पाव, ड्रेसिंग वेगवेगळं तयार असतं आणि वेळ झाली की एकत्र होतं.

थाळ्यावर वांग्याचे धागे पसरा, कडेला दोन बोटं जागा सोडून. मोठ्या भांड्यात टोमॅटो, काकडी, मुळा, सिमला मिरची आणि कांदा घेऊन तीन-चतुर्थांश ड्रेसिंग घाला, हाताने वरखाली करा. मग लेट्यूस, पार्सली, पुदिना, घोळ आणि उरलेलं ड्रेसिंग. हलक्या हाताने, पानं चुरगळू न देता. आता अर्धा पाव मिसळा. हा थोडा रस पितो, बाहेरून ओला आणि आतून कुरकुरीत, आणि खरे खाणारे तोच शोधतात. हे सगळं वांग्यावर ढीग करून घाला. उरलेला अर्धा पाव अगदी वर ठेवा, सुमाक भुरभुरवा, हवे तर डाळिंबाचे दाणे.

वाढताना चमचा तळापर्यंत न्या, म्हणजे वांगं प्रत्येकाच्या वाट्याला येईल. दहा-पंधरा मिनिटांत संपवायचं.

## वांगं नको असेल तर

उन्हाळ्यात कलिंगडाच्या फोडी आणि तव्यावर भाजलेलं हलूमी चीज घाला. कलिंगड आणि खारं पांढरं चीज ही जोडी लेबनॉनमध्ये उन्हाळ्यात सर्रास खातात. तेव्हा डाळिंबाचा रस वगळा, कलिंगडाचा गोडवा पुरतो, आणि चीज खारट असल्याने मीठही कमी करा. थंडीत लाल भोपळ्याच्या फोडी तेल लावून 200 अंशांवर कडा काळपट होईपर्यंत भाजून घातल्या तरी छान लागतात. भोपळा असेल तेव्हा सुमाक दीडपट.

## आधीपासून काय करून ठेवता येईल

पाव पूर्ण गार करून हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस राहतो. मऊ वाटला तर पुन्हा चार मिनिटं ओव्हनमध्ये. भाजलेलं वांगं फ्रिजमध्ये दोन दिवस, पण वाढण्याच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, गारठलेल्या वांग्याला धुराची चव लागत नाही. ड्रेसिंग लसूण न घालता तीन-चार दिवस ठेवा, लसूण त्या दिवशी वाटून घाला. ऑलिव्ह तेल फ्रिजमध्ये गोठतं, त्यामुळे बाटली थोडा वेळ बाहेर ठेवून मग हलवा. चिरलेला टोमॅटो मात्र आधी करून ठेवू नका.

डब्यात न्यायचं असेल तर तीन भांडी लागतील: एकात तळाला वांगं आणि त्यावर भाज्या, छोट्या बाटलीत ड्रेसिंग, आणि पाव वेगळ्या डब्यात. एकत्र केलेलं फत्तूश उरलं तर ते फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाण्यात अर्थ नाही. त्याच रात्री त्यात दोन चमचे घट्ट दही मिसळून संपवा.